मदत हवी आहे: आगमनकाळात चिडचिड कशी आवरायची?

नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू झाला की दरवर्षी ठरवते की यंदा शांतपणे प्रार्थना करायची आणि दरवर्षी नेमका तेव्हाच सगळा गोंधळ, काल संध्याकाळी आगमनकाळात दर रविवारी एक लावतो त्यातली तिसरी, म्हणजे गुलाबी मेणबत्ती लावायला बसलो तर लाईट गेली, पाण्याची मोटर बंद, नेवऱ्यांचं सारण अर्धवट आणि मिस्टर विरार लोकलमध्ये अडकलेले. मी पोरांवर अशी ओरडले की धाकट्याने मेणबत्तीच फुंकून टाकली 😅

फादर प्रवचनात म्हणाले, गैरसोयीतही देवाची योजना शोधा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफ आणि येशूची आई, गरोदर मरिया, नाव नोंदवायला नासरेथहून बेथलेहेमला गेले, शंभरावर किलोमीटर, तेही सरकारी हुकूमामुळे, आणि तिथे उतरायला जागा नाही. हे पटतं हो, पण मोटर बंद पडल्यावर आठवत नाही ना!

तुम्ही त्या क्षणी नक्की काय करता? एखादी छोटी प्रार्थना, स्तोत्रातली ओळ? आणि प्रत्येक गोष्टीत देवाचा हेतू शोधायचाच का, की कधीकधी मोटर ही नुसती मोटरच असते? पोरांसोबत करता येईल असं काही असेल तर आधी सांगा.