मदत हवी आहे: 'एमएलएच-१ मिथायलेशन' म्हणजे कॅन्सर आनुवंशिक का?

वारजेकर_एस
आईचं पोटाच्या (जठराच्या) कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये 'एमएलएच-१, पीएमएस-२ लॉस' आणि वेगळ्या कागदावर 'एमएलएच-१ प्रमोटर मिथायलेशन पॉझिटिव्ह' लिहिलंय. मामा म्हणतो हे घराण्यातलं आहे, तुम्ही दोघी बहिणींनी तपासून घ्या. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर डोळ्याला डोळा लागत नाही. फक्त हो की नाही सांगा.

बाणेरवासी
आईंचं वय काय? नमुना गाठीचा होता की रक्ताचा? याशिवाय कोणी काय सांगणार?

जनुकमित्र
एमएलएच-१ म्हणजे लिंच सिंड्रोम, कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष. थेट रक्ताची जनुकीय चाचणी करा, वेळ घालवू नका.

सदाशिवपेठी
आधी एच. पायलोरी बघा! या जंतूला १९९४ सालीच पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलंय. जुन्या संसर्गाने जठराच्या अस्तरात मिथायलेशन वाढतं. माझा अल्सर त्याचाच होता. घरातल्या सगळ्यांनी श्वासाची तपासणी करून घ्या.

वारजेकर_एस
काका, मी जंतूचं विचारलं नव्हतं. वय ६८. 'ट्यूमर ब्लॉक' लिहिलंय, म्हणजे गाठीचा मेणात जपलेला तुकडा.

रेणू_लॅब
मग जनुकमित्रांचं म्हणणं घाईचं आहे. एमएलएच-१ हे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन. ते दोन प्रकारे नाहीसं होतं. एक, जनुकाची अक्षरंच बिघडतात. असा बिघाड जन्मजात असू शकतो. दुसरं, जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, मिथाइल गट बसतात (हेच मिथायलेशन) आणि जनुक वाचलंच जात नाही. पोथी शाबूत, पानं चिकटलेली. एमएलएच-१ नसलं की त्याचं जोडीदार प्रथिन पीएमएस-२ टिकत नाही, म्हणून दोन्ही एकत्र गेलेली दिसतात. २०१४ च्या टीसीजीए (कॅन्सरच्या जनुकांचा मोठा अमेरिकी प्रकल्प) अभ्यासात जठराच्या २९५ गाठी तपासल्या. साधारण २२ टक्के या दुरुस्ती बिघडलेल्या गटातल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींत कारण हेच मिथायलेशन. ते सहसा वयानुसार गाठीतच घडतं, मुलांकडे जात नाही.

जनुकमित्र
'सहसा' वर विसंबायचं का? निदान गाठीत बीआरएएफ जनुकातला बदल तरी तपासा.

रेणू_लॅब
तो निकष मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा. जठराच्या गाठीत तो बदल क्वचितच सापडतो, त्यामुळे इथे उपयोग नाही.

कर्वेनगर_काकू
आईला थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या गं. जेवताना पाणी कमी. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं कायमची लागतात, नक्की विचार.

वारजेकर_एस
काकू, लिहून घेतलं. रेणूताई, म्हणजे 'नाही' ना? मामाला आतड्याचा झाला होता, पण तो वेगळा कॅन्सर.

बाणेरवासी
हे आत्ता सांगताय? कितव्या वर्षी?

वारजेकर_एस
४४. आता बरा आहे.

जनुकमित्र
मी काय म्हणत होतो!

रेणू_लॅब
आता चाचणीची गरज आहे, पण मामांमुळे. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर म्हणजे लिंचची शंका घ्यावीच लागते, आणि लिंचमध्ये जठराचा धोकाही वाढतो. आईंच्या मिथायलेशनने ती शंका कमी होते, पूर्ण मिटत नाही. सुरुवात मामांपासून करा. त्यांच्यात दोष सापडला तर तोच आईंच्या रक्तात शोधायचा. आईंत नसेल तर तुम्हा बहिणींकडे तिच्याकडून येऊच शकत नाही. सोमवारी मामांचे कागद न्या आणि जनुकीय समुपदेशकाकडे पाठवायला सांगा.

पिंपळेकर
मिथायलेशन पुसणारं औषध असतं ना, ॲझासायटिडिन?

रेणू_लॅब
ते रक्ताच्या विकारांसाठी. जठराच्या कॅन्सरचा तो नेहमीचा उपचार नाही. पण अशा गाठींना इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून कॅन्सरशी लढवणारा उपचार) लागू पडू शकते, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

वारजेकर_एस
मामाचं ऑपरेशन सोलापूरला झालं होतं. इतक्या वर्षांनी ब्लॉक मिळेल?

रेणू_लॅब
तिथल्या पॅथॉलॉजीत बायोप्सी क्रमांक आणि मामांच्या सहीचं पत्र द्या. नाही मिळाला तरी त्यांच्या रक्तावर चाचणी होते.