टीडीएस १८० आलाय, म्हणजे पाणी प्यायला चालेल ना?

कोरीपाटी:
आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, मीटर आणून बघितलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला १८० मिलिग्रॅम दाखवतोय. सगळे म्हणतात ५०० च्या आत असलं की बिनधास्त प्या. पण घरात चार महिन्यांचं बाळ आहे, वरच्या दुधावर आहे आणि पावडर याच पाण्यात कालवतो, म्हणून विचारतेय, एवढ्यावर भागतं का अजून काही तपासावं लागतं?

थेंबभर:
नाही भागत. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षारांचा अंदाज देतो, बस. जंतू त्याला दिसतच नाहीत, ग्लासात गटाराचे दोन थेंब पडले तरी आकडा जवळपास तोच राहील. आर्सेनिक हे विष लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं, आता एवढासा फरक १८० मध्ये कुठे कळणार? टीडीएसला तर त्यांनी आरोग्यासाठी मर्यादाच ठरवलेली नाही, ६०० च्या आत चव बरी लागते, १००० च्या पुढे पाणी पिववत नाही, एवढंच.
आधी ई. कोलाय (आतड्यातले जंतू) बघा. १०० मिलीमध्ये एकही नको, यात सूट नाही, कारण तो सापडला म्हणजे कुठूनतरी मैला मिसळतोय.

रानवारा:
बाळ वरच्या दुधावर आहे तर नायट्रेट नक्की तपासा प्लीज. डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. जास्त झालं तर तान्ह्या बाळांच्या रक्तातून ऑक्सिजन नीट पोचत नाही, ओठ-नखं निळी पडतात. जवळ शेत, गोठा किंवा सेप्टिक टँक असेल तर जास्तच काळजी. फ्लोराइड पण करून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको.

कोरीपाटी:
पण मी पाणी उकळूनच देते, तरी?

थेंबभर:
उकळणं सोडू नका, खळखळून एक मिनिट उकळलं की जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड मात्र जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. रिपोर्ट येईपर्यंत बाळासाठी तरी दुसरं, तपासलेलं पाणी घ्या.
आणि जंतूंच्या टेस्टची बाटली लॅबकडूनच आणा, घरची कितीही धुतली तरी चालत नाही. नळाची जाळी काढा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग भरा. बाटली विसळायची नाही (आत क्लोरीन मारायचं औषध असतं), झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

रानवारा:
+१. पावसाळा सुरू झाला की जंतूंची टेस्ट परत करा, वरची घाण बोअरमध्ये उतरते ती तेव्हाच.