मदत हवी आहे: अलेक्झांड्रियाच्या ब्राँझ नाण्यावरचा सेरापिस मागाहून कोरलाय का?

नमस्कार मंडळी,

रोमन काळातल्या अलेक्झांड्रियाची नाणी इथे कुणी जमवतं का? एका नाण्यापाशी अडलोय आणि दुकानदाराने ते शनिवारपर्यंतच राखून ठेवलंय.

ग्रीक आणि इजिप्शियन देवांची सरमिसळ होऊन तयार झालेली दैवतं हा माझा विषय. नाद लागला तो हुविष्कामुळे. या कुषाण राजाच्या एका सोन्याच्या नाण्यावर सिंहासनावर बसलेला 'सारापो' आहे, म्हणजे थेट अलेक्झांड्रियाचा सेरापिस, अशा सरमिसळीतलाच एक देव. ते सोनं आपल्या खिशाला झेपणारं नाही, म्हणून मुळाकडे वळलो. सध्या जर्मनीत असल्याने ही नाणी हातात घेऊन बघता येतात. आजवर घेतली ती सगळी टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्म किमतीची नाणी, बहुतेक तिसऱ्या शतकातली. त्यांत चांदी नावापुरतीच, पण भाव परवडतो. डोक्यावर धान्याचं माप असलेला सेरापिस, तोंडाशी बोट नेलेला बाळ हार्पोक्रेटिस, आणि खजुराची फांदी व हर्मिसचा दंड घेतलेला हर्मानुबिस. शेवटचा माझा खास लाडका.

आता अडलेलं नाणं. रोमन सम्राट अँटोनायनस पायसचं ब्राँझ ड्रॅक्म, 33 मिलिमीटर, 23 ग्रॅमच्या आसपास. मागच्या बाजूला सिंहासनावर सेरापिस, पायाशी तीन तोंडांचा कुत्रा सर्बेरस. राजवर्षाच्या खुणेपुढे 'इओटा' हे ग्रीक अक्षर, म्हणजे दहावं वर्ष. पायस 138 च्या जुलैत गादीवर आला, पण इजिप्तचं वर्ष 29 ऑगस्टला बदलायचं, त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष जेमतेम दीड महिन्याचं. त्या हिशेबाने हे नाणं 146-147 चं. इथवर सगळं जुळतं.

शंका आली ती झिजेवरून. पुढच्या बाजूला सम्राटाचा कान आणि डोक्यावरची पानं झिजून सपाट झालीत. मागे मात्र सेरापिसच्या दाढीच्या बटा आणि वस्त्राच्या चुण्या अगदी ताज्या. भिंगाखाली चुण्यांच्या रेघा सगळ्या एकाच रुंदीच्या दिसतात, आणि त्यातली एक तर वस्त्र सोडून सिंहासनाच्या हातावर गेलीय. रेघांच्या तळाशी हिरवा रंग जरा वेगळा, मातकट आहे. अक्षरांभोवतालची जागाही तासल्यासारखी गुळगुळीत. दुकानदाराचं म्हणणं, 'फक्त साफ केलंय.' मूर्तीला वज्रलेप केला तर कुणी नावं ठेवत नाही, पण इथे मी पैसे मोजणार ते दुसऱ्या शतकातल्या कारागिराच्या हाताचे.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: पुढची बाजू झिजलेली आणि मागची ताजी, असं मुळातच होऊ शकतं का? पुढचा ठसा जुना, मागचा नवा असेल तर? माझ्या मते त्याने बटा ताज्या दिसतील, पण ती वाट चुकलेली रेघ त्यात बसत नाही. त्याच ठशाचं दुसरं नाणं रोमन प्रांतिक नाण्यांच्या ऑनलाइन सूचीत शोधतोय. याहून सोपी काही परीक्षा आहे का, जी दुकानात उभ्या उभ्या करता येईल?

दुसरा प्रश्न परतीचा. पुढेमागे पुण्याला यायचंय. भारताच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, हे माहीत आहे. पण बाहेरून आणताना कस्टम्समध्ये कुणी स्वतः कागद दाखवलेत का? पावत्या सगळ्या आहेत. 1983 च्या कायद्याने इजिप्तने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला, म्हणून त्याआधीच्या संग्रहाची चिठ्ठी असलेलीच नाणी मी घेतो. या नाण्याबरोबर 1970 च्या दशकातली एक चिठ्ठी आहे, तीवर नुसतं 'सेरापिस' आणि किंमत. एवढी पुरेल का?

नाण्याच्या दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडात काढलेले फोटो पहिल्या प्रतिसादात टाकतोय. ती रेघ उजव्या हाताला, राजदंडाच्या थोडी खाली बघा.