शनिवारी आपण हरणार आहोत, आत्ताच मान्य करा (अमेरिकी कॉलेज फुटबॉल: मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट)

मक्याचं कणीस (मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५)

शिव्या घालायच्या त्यांनी खुशाल घाला. शनिवारी दुपारी बारा वाजता, आपल्याच घरात, आपल्याच लाखभर लोकांसमोर आपण मिशिगनवाले ओहायो स्टेटकडून हरणार आहोत.

चार वर्षं ओळीनं जिंकलो आणि आपल्या डोक्यात हवा गेली. ४२-२७, ४५-२३, ३०-२४, १३-१०. आमच्याकडची पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात. पण यंदाचं बघा ना. त्यांनी अकराच्या अकरा सामने जिंकलेत, देशात पहिला नंबर आहे. अकरा सामन्यांत मिळून त्यांच्या डिफेन्सनं दिलेत ८४ गुण. इलिनॉयनं १६ केले, ती सगळ्यांत मोठी मजल. टेक्ससला त्यांनी ७ वर रोखलं.

आणि आपण? नऊ जिंकले, दोन हरले. हरलो त्या ओक्लाहोमा आणि यूएससीविरुद्ध आपले गुण किती? १३ आणि १३. नॉर्थवेस्टर्नला शेवटच्या किकवर २४-२२ असं कसंबसं काढलं. आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) अंडरवुड गुणी पोरगा आहे, इथल्या बेलव्हिलचाच, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. त्याच्यावरचं ओझं हलकं करायला धावणारा हवा, तर धावणाऱ्यांपैकी हेन्स ऑक्टोबरपासून बाहेर आणि मार्शलचा खांदा दुखावलेला.

बघायला या, ओरडा, पण 'यंदाही नक्की' म्हणून मिरवू नका. तोंडावर आपटू.

थिसिस_पेंडिंग

काका, हे सगळं मागच्या वर्षीही लिहिलं होतंत. शब्द न् शब्द. तेव्हा तर आपण सहा जिंकून पाच हरलो होतो आणि सट्टेवाले आपल्याला जवळजवळ वीस गुणांनी मागे धरून बसले होते. आपल्या क्वार्टरबॅकनं आख्ख्या सामन्यात ६२ यार्ड पास टाकले. बासष्ट! एवढे काही जण पहिल्या दहा मिनिटांत टाकतात. तरी जिंकलो.

कसे जिंकलो ते विसरू नका. ओहायोकडे बाजूनं पळणारे एकाहून एक रिसीव्हर (पास झेलणारे) होते आणि तरी ते मधल्या भिंतीवरच डोकं आपटत राहिले. २६ वेळा धावले, ७७ यार्ड मिळाले. दोन फील्ड गोल (किक मारून काढायचे गुण) चुकवले. मग आपल्या मलिंग्जनं गर्दीतून अंग सोडवून २७ यार्ड काढले आणि ४५ सेकंद असताना झवाडानं किक मारली. ओहायोवाल्यांना 'आम्ही मऊ नाही' हे सिद्ध करायचं होतं. ज्यांना काही सिद्ध करायचं असतं ते शहाण्यासारखे खेळत नाहीत. यंदा तर त्यांच्या डोक्यावर चार वर्षांचं ओझं आहे.

लालभडक

कोलंबसहून नमस्कार. शत्रूच्या गोटात शिरतोय, चहा तरी द्या.

'ओझं, ओझं' हे तुम्ही लोक दर नोव्हेंबरला काढता. आमचा क्वार्टरबॅक सायिनचे दहातले जवळपास आठ पास हातात पोचतात. जेरेमाया स्मिथ आणि टेट हे आमचे रिसीव्हर मागच्या सामन्यात रटगर्सविरुद्ध बाहेर बसले होते, ते शनिवारसाठीच राखून ठेवलेत असं मी धरतो. स्मिथ खेळला तर त्याच्यामागे धावणारा तुमच्याकडे कोण आहे, नाव सांगा. नसेल तर चहा घेऊन निघतो.

आणि चार विजयांचा एवढा टेंभा मिरवताय, तर समोरच्यांचे इशारे चोरून टिपणारा माणूस कुणाच्या पगारावर होता तेही लिहा. एनसीएएनं (कॉलेज खेळांची नियामक संस्था) यंदा ऑगस्टमध्ये दंड उगाच केला का?

थिसिस_पेंडिंग

> समोरच्यांचे इशारे चोरून टिपणारा माणूस कुणाच्या पगारावर होता

आमच्याच. नाकारत नाही, आणि त्याची लाजही वाटते. पण कॅलेंडर बघा. तो नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीलाच राजीनामा देऊन गेला. त्यानंतर त्याच महिन्याच्या शेवटी ३०-२४, तेही मुख्य कोच हार्बॉ निलंबित असताना. मग २०२४ ला तुमच्या अंगणात १३-१०. हे दोन सामने कुणी चोरले?

पहिल्या दोनांवर हवं तेवढं बोला. बर्फात आमच्या हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले तेव्हा सगळ्या स्टेडियमला माहीत होतं की बॉल त्याच्याकडे जाणार. थांबवला का?

काठावरचा

मी टोलिडोत राहतो. म्हणजे ज्या पट्टीवरून १८३५ मध्ये ही दोन राज्यं बंदुका घेऊन उभी राहिली, त्या पट्टीत. ओहायोला टोलिडो मिळालं, मिशिगनला समजूत काढायला वरचं द्वीपकल्प. बांधावरून भांडणाऱ्या भावांची केस समजा, फक्त तारखा संपत नाहीत. आमच्या गल्लीत एका घरावर निळा झेंडा, शेजारी लाल.

धाग्याची तारीख बघून हसू आलं. २५ नोव्हेंबर. आज बरोबर ७५ वर्षं झाली त्या सामन्याला, ज्यात मिशिगननं एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं) मिळवला नाही, एकही पास पूर्ण केला नाही आणि तरी ९-३ नं जिंकलं. कोलंबसला इतका बर्फ पडत होता की पोरांना रेषा दिसत नव्हत्या. दोघांनी मिळून ४५ वेळा बॉल लाथाडून परत पाठवला. मिशिगनच्या एकट्या ऑर्टमननं २४ वेळा. मिशिगनचे गुण आले ते अशाच अडवलेल्या लाथांमधून (पंट). त्या पराभवानंतर ओहायोचा कोच पायउतार झाला आणि त्याच्या जागी आले वुडी हेज. म्हणजे मिशिगननं तो सामना जिंकून स्वतःच्याच बोकांडी पुढची २८ वर्षं बसवून घेतली.

तेव्हा, कणीसराव, आकडे मांडा, पण या सामन्याचा हिशेब कागदावर कधी जुळलेला नाही. १९६९ लाही ओहायो पहिल्या नंबरवर होतं आणि २४-१२ हरलं. अंदाज विचारू नका. मी दोन्हीकडे जेवतो.

रात्रपाळी_पुणे

एक बाहेरचा प्रश्न. मुलगा तिकडे एम.एस. करतोय म्हणून हे वाचते. पोरं दोन वर्षं शिकायला जातात, फी भरता भरता आमचा जीव जातो आणि तिथे 'आपण' जिंकलो, 'आपण' हरलो? खेळणाऱ्यांना आता कॉलेजच पैसे देतं म्हणे. मग ही 'आपली' टीम कशी?

मक्याचं कणीस

ताई, तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून सांगतो. पुरुषोत्तमला भरत नाट्यच्या आवारात उभं राहून 'अरे आवाज कुणाचा' ओरडलात का कधी? मी ओरडलोय, घसा बसेपर्यंत. त्या एकांकिकेत माझं काय होतं? एक खुर्चीसुद्धा मी उचलली नव्हती. तरी समोरच्या कॉलेजला करंडक गेला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

इथे पहिल्यांदा मॅचला नेलं तेव्हा बाहेरून स्टेडियम बघून वाटलं, एवढंच? कारण ते बरंचसं जमिनीत आहे. दारातून आत गेलात की तुम्ही वरच्या काठावर असता आणि पायाखाली खोल विहिरीसारखं सगळं उतरत जातं. १,०७,६०१ माणसं बसतात. ॲल्युमिनियमचा बाक इतका गार असतो की पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं स्वतःचा पुठ्ठा अर्धा फाडून मला दिला, नाव विचारलं नाही. पहिल्या टचडाउनला मिठी मारली. नवीन देशात तीन महिने मला कुणी हात लावला नव्हता, हँडशेक सोडून.

पैशाचं म्हणाल तर खेळणाऱ्या पोरांना मिळतायत हे बरंच आहे. इतकी वर्षं कोच आणि चॅनेलवालेच खात होते.

रात्रपाळी_पुणे

बरं. शनिवारी आमच्याकडे रात्रीचे साडेदहा होतील. बघेन.

लालभडक

पुठ्ठ्याचं वाचून भांडायचा मूड गेला, पण एक खरा प्रश्न टाकतो. आता प्लेऑफमध्ये (देशाचा विजेता ठरवणारी फेरी) बारा टीम घेतात. आम्ही शनिवारी हरलो तरी आत असणार. मागच्या वर्षी तुमच्याकडून हरलो आणि जानेवारीत नोटर डेमला ३४-२३ हरवून देशाचे विजेते झालो. मग या एका शनिवारचं एवढं काय राहिलंय? हिशेबानं बघितलं तर फार काही नाही.

थिसिस_पेंडिंग

मग तुमचा कोच रायन डे स्वतःवर खटला चालू असल्यासारखा का दिसतो दर नोव्हेंबरला? आमच्याशी पाचात एकदाच जिंकलाय, २०१९ ला. ट्रॉफी हातात आहे ना त्याच्या? द्या त्याला दोन रात्री निवांत झोप.

आणि तुम्हीच सांगा. १३-१० पुसून मिळत असेल तर ती ट्रॉफी परत द्याल?

लालभडक

नाही देणार. (सात मिनिटं विचार करून लिहितोय हे खरं.)

मी होतो त्या दिवशी हॉर्सशूमध्ये, म्हणजे आमच्या स्टेडियममध्ये. शेवटची किक गेल्यावर आवाज असा बंद झाला, जसे वीज गेल्यावर पंखे थांबतात. मग मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचा मिरीचा फवारा. पार्किंगपर्यंत माझा मुलगा एक शब्द बोलला नाही. जानेवारीत जिंकलो त्या रात्री तो नाचला, मीही. सकाळी ऑफिसात डेट्रॉइटच्या माणसाचा मेसेज: 'अभिनंदन. १३-१०.' बस एवढंच. आजपर्यंत माझ्याकडे त्याला उत्तर नाही. हिशेबाचं वर मी लिहिलं ते मागे घेतो.

काठावरचा

ओहायोवाले मिशिगनला हरवलं की खेळाडूंना इवलीशी सोन्याची विजार देतात, १९३४ पासून. ट्रॉफ्या कपाटात ठेवतात, विजार गळ्यात घालतात. उत्तर तिथेच आहे.

मक्याचं कणीस

लालभडक, तुमच्यासाठी घरचा अहवाल. माझी मुलगी तुमच्याच कॉलेजात आहे. (हो. आमच्या नात्यात हे सांगायला मला सहा महिने लागले.) थँक्सगिव्हिंगसाठी काल रात्री तीन तास गाडी चालवून आली. तुमच्याकडे या आठवड्यात कॅम्पसवरचे सगळे एम (मिशिगनचं अक्षर) लाल टेपनं झाकतात ना, तसं आज सकाळी बघतो तर हिच्या आईच्या मसाल्यांच्या बरण्या. आईनं इंग्रजीत लेबलं लावलीत. मेथीची झालीय 'एथी', मोहरीची 'ओहरी', मिरची नुसतीच 'इरची'. फोडणी करताना आईनं बघितलं आणि म्हणाली, 'टेप काढू नका, निदान बरण्या पुसल्या तरी गेल्या.'

अंदाज लिहून ठेवतो: ओहायो २०, आपण १०. चुकलो तर सोमवारी माझ्या नावानं पेढे.

लालभडक, तुमचा आकडा?

लालभडक

टाइप केला होता. पुसला.

थिसिस_पेंडिंग

😂 अकरा-शून्य आणि आकडा लिहवत नाही! काका, धाग्याचं नाव बदला.

लालभडक

हसा. टेट आणि स्मिथ सराव करतायत का, एवढं कळलं की लिहितो. मुलीला म्हणावं, हळदीची बरणी राहिली असेल, तिच्या इंग्रजी नावातही एक एम आहे.