सी-१० ची तिकोनी काच: काढावी की ठेवावी?

पंत_ह्यूस्टन
माझा १९७० चा शेव्हरोले सी-१० पिकअप ट्रक. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली तिकोनी काच काढून दारभर एकच सलग काच बसवायचं चाललंय. तयार किट मिळतं: काच, पुढच्या कडेचा चॅनल (काच ज्यात वर-खाली धावते ती खाच), रबरं. गाडीला एसी बसवलाय आणि तिकोनीच्या फटीतून गार हवा पळते. हायवेला वेग घेतला की कानाशी शिट्टी सुरू. शिवाय दोन काचांमधली उभी दांडी नेमकी आरशाच्या आड येते. ओळखीतले जुन्या गाड्यांचे भक्त मात्र असे बघतात, जणू मी देवळाचा कळस उतरवतोय. अहो, खुद्द शेव्हरोलेवाल्या जनरल मोटर्सने १९६८ च्या कमॅरो गाडीतून तिकोनी काढली. मग माझ्या ट्रकचं काय घोडं मारलंय?

मूळचं_बरं
कमॅरोचं उदाहरण सोयीपुरतं घेतलंत. तिथे तिकोनी काढली तेव्हा डॅशबोर्डातून वारा आत घ्यायची वेगळी सोय दिली होती, ॲस्ट्रो व्हेंटिलेशन नावाची. तुमच्या ट्रकचं दार तिकोनी धरूनच बांधलंय. ती उभी दांडी शोभेची नाही, मोठ्या काचेची पुढची कड तिच्यातच धावते. ती गेली की काच रुंद आणि जड होणार, उचलायला मशीन मात्र तेच. अर्धी काच खाली करून दार आपटा आणि कशी थडथडते ते ऐका.

आणि तिकोनीचं कामही बघा. जराशी किलकिली केली की बाहेरचा वारा केबिनमधली कोंदट हवा ओढून काढतो. पुरती उलटी फिरवली की तोच वारा थेट छातीवर. टेक्सासमधले उन्हाळे लोकांनी यावर काढलेत.

गॅरेज_नंदू
थडथडीचा दोष सलग काचेच्या माथी मारू नका. पुढचा आणि मागचा चॅनल समांतर नसला की काच तिरकी चढते, मग थडथडते नाहीतर अडकते. घाईत बसवलेल्या बहुतेक किटांचं हेच होतं. या ट्रकांची दारं मुळात लोंबलेली असतात. आधी बिजागरीच्या पिना आणि बुश बदला, दार सरळ करा, मग काचेला हात लावा. चॅनलचे स्क्रू ढिले ठेवून काच खालीवर करायची, चॅनलला आपली जागा घेऊ द्यायची, मगच आवळायचं.

अनघा_डॅलस
पंत, शिट्टी वाजते म्हणून थेट काचच काढायची? तिकोनीच्या रबरात डॉलरची नोट धरून काच मिटा आणि नोट ओढा. अलगद सुटली तर रबर गेलंय. नवं रबर मिळतं, अख्खी नवी तिकोनी फ्रेमसकट मिळते. खालच्या खुंटीवर स्प्रिंग आणि नट असतो, तोही बघा. ढिला पडला की वाऱ्याच्या दाबाने काच आपोआप फिरते. रबर घालणं वैतागाचं काम आहे, हे कबूल. साबणाच्या पाण्याशिवाय ते जागेवर जात नाही.

परळचा_पोरगा
मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा! मे महिन्यात ड्रायव्हर तिकोनी उलटी फिरवायचा आणि मागच्या सीटवरही जीव यायचा. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता तुम्ही तिकडची तिकोनी घालवताय.

पंत_ह्यूस्टन
पोरगा, आठवणींनी ह्यूस्टनचा ऑगस्ट गार होत नाही. इथली हवा ओली, ती छातीवर घेऊन घामच येतो. आणि भर वाऱ्यात बसायची हौस आली तर पायापाशी कडेचे झडपवाले व्हेंट आहेतच, ते मी कुठे काढतोय?

अनघाताई, रबर आधीच्या मालकाने बदललेलं होतं. तरी वाजतं. शिवाय चोराने स्क्रूड्रायव्हर घालून कडी उचकटायची जागाही तीच.

बरं, किट महाग आहे. इथल्या काचवाल्याकडून मोठी काच कापून घेतली तर?

गॅरेज_नंदू
टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच कापता येत नाही, कापायला गेलात की चुरा. आधी कापतात, भोकं पाडतात, मग भट्टीत टफन करतात. लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) कापता येते, पण कडा नीट घासून घ्या आणि जाडी मूळ काचेएवढीच ठेवा, नाहीतर चॅनलमध्ये बसणार नाही. साधी खिडकीची काच दाराला लावू नका, फुटली तर गळा कापेल. मी तर म्हणेन किटच घ्या.

मूळचं_बरं
घ्यायचंच तर दाराला नवी भोकं न पाडता बसेल असं घ्या. जुनी तिकोनी, दांडी, स्क्रू, सगळं गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढचा मालक मूळ दार शोधत आला तर निदान परत बसवता येईल. माझं मत बदललेलं नाही. दाराची चौकट त्या क्रोमच्या रेघेशिवाय बोडकी दिसते.

पंत_ह्यूस्टन
माळ्यावर ठेवतो. बोडकी दिसली तर दिसू दे, मी आत बसतो.

गॅरेज_नंदू
मग पॉवर विंडो करणार का, ते आत्ताच ठरवा. मशीन त्यावर ठरतं, दार दोनदा खोलायची पाळी आणू नका.