पाटीवर २३० व्होल्ट आहे, पण ६० हर्ट्झ: जुना व्हॅक्यूम पंप घ्यावा का?

रसायन_विभाग

नमस्कार. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी परदेशातून आलेली तीन वापरलेली उपकरणे घ्यायची आहेत. पाट्यांवरचा मजकूर असा:

रोटरी व्हेन व्हॅक्यूम पंप, पट्ट्याने चालणारा. अमेरिकन मोटार, १/२ एचपी, सिंगल फेज, ११५/२३० व्होल्ट, ८.८/४.४ अँपिअर, ६० हर्ट्झ, १७२५ आरपीएम.
टेबलावरचा सेंट्रिफ्यूज. १२० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, ३ अँपिअर.
ओव्हरहेड स्टरर. युरोपीय मोटार, थ्री फेज, २३०/४०० व्होल्ट डेल्टा/स्टार, ५० हर्ट्झ, ०.३७ किलोवॉट.

आमच्याकडे १६ अँपिअरचे सिंगल फेज सॉकेट आहेत, थ्री फेज नाही. रात्री व्होल्टेज २४५ पर्यंत चढते. विक्रेत्याच्या मते पंपाच्या टर्मिनल बॉक्समधली जोडणी २३० वर केली की पंप थेट सॉकेटला लावता येईल. हे बरोबर आहे का? खरेदी समितीपुढे कारणासकट सांगावे लागेल.

वाइंडिंग_आणि_वेग

पंपाच्या बाबतीत बरोबर नाही. व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत, आणि इंडक्शन मोटारीला (ब्रश नसलेली, चुंबकीय क्षेत्राने फिरणारी मोटार) दोन्हींचे गुणोत्तर पाटीप्रमाणे लागते. २३० भागिले ६० म्हणजे ३.८३. आपल्याकडे २३० भागिले ५० म्हणजे ४.६. कोअरमधला (मोटारीच्या लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, सरळ २० टक्के वाढतो. रात्री २४५ झाले की २८ टक्के. कोअर सॅच्युरेट होते (आणखी फ्लक्स मावत नाही), तो फ्लक्स तयार करणारा मॅग्नेटायझिंग करंट भराभर वाढतो आणि मोटार भाराशिवायसुद्धा तापते. क्लॅम्प मीटर लावलात तर पट्टा काढलेला असतानाही करंट पाटीवरच्या ४.४ च्या आसपास किंवा वर दिसू शकतो. त्यात फेरे कमी झाल्याने पंख्याची हवाही कमी.

दुसरा धोका सहसा कुणी सांगत नाही. कपॅसिटर स्टार्ट मोटारीतला सेंट्रिफ्यूगल स्विच साधारण ७५ ते ८० टक्के वेगाला स्टार्ट वाइंडिंग सोडवतो. ६० हर्ट्झला या मोटारीचा सिंक्रोनस वेग (चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग) १८००, म्हणजे स्विच सुमारे १३५० ते १४४० ला उघडतो. ५० हर्ट्झवर हीच मोटार पूर्ण भाराला जेमतेम १४२५ पर्यंत पोचते. थंडीत तेल घट्ट असेल तर तेवढेही नाही. स्विच उघडला नाही, तर स्टार्ट वाइंडिंग काही सेकंदांसाठीच बनवलेले असल्याने लवकरच जळते. म्हणून सुरू करताना स्विचचा ‘टक’ ऐकू येतो का ते पाहा.

हीच मोटार वापरायची असेल तर ५० हर्ट्झला तिला १९२ व्होल्ट द्यावे लागतील. ८ अँपिअरचा डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर) चालेल, पण त्याची मूठ कुलूपबंद करा, कारण कोणीतरी ती फिरवतोच. नाहीतर २३०/३८ व्होल्टचा ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेऊन दुय्यम वाइंडिंग उलट्या दिशेने सिरीजमध्ये जोडा. दिशा चुकली तर १९२ ऐवजी २६८ मिळतात, म्हणून मोटार जोडण्याआधी मीटरने मोजाच. एवढे करूनही स्विचचा प्रश्न उरतोच. शिवाय मोटारीची ताकद पाच षष्ठांश, म्हणजे ३१० वॉटच्या आसपास राहते. पंपही त्याच प्रमाणात हळू फिरतो म्हणून भार जमतो, फक्त फ्लास्क रिकामा व्हायला जास्त वेळ लागतो.

व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) लावून ६० हर्ट्झ करू, असे कोणी सुचवेल. कपॅसिटर आणि सेंट्रिफ्यूगल स्विच असलेल्या सिंगल फेज मोटारीला साधा व्हीएफडी लावू नका.

पुली_बेल्ट

पंप चांगला असेल तर मोटारच बदलणे मला सर्वांत योग्य वाटते. आपल्याकडची ०.३७ किलोवॉट, १४४० आरपीएम, ५० हर्ट्झची सिंगल फेज मोटार घ्या. पंपाचा मूळ वेग हवा असेल तर मोटारीची पुली १.२ पट मोठी करा. ७५ मिलिमीटर असेल तर ९०. पण मोठी पुली जुन्या मोटारीवर लावू नका. पंपाला तीच ताकद लागेल, ती कमी फेऱ्यांवर द्यायची म्हणजे टॉर्क २० टक्के जास्त, आणि मोटार ओव्हरलोड.

मापे आधीच तपासा. अमेरिकन ५६ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे मोटारीच्या सांगाड्याचे ठरलेले माप) शाफ्ट १५.८७५ मिलिमीटर आणि मध्याची उंची ८८.९. आपल्याकडच्या ७१ फ्रेमचा शाफ्ट १४ आणि उंची ७१. म्हणजे जुनी पुली बसणार नाही आणि मोटारीखाली सुमारे १८ मिलिमीटरची प्लेट घालावी लागेल. पट्ट्यावरचा पंप आहे म्हणून हे सोपे आहे. थेट फ्लँजने जोडलेला असता तर अडॅप्टर बनवण्यापेक्षा ती खरेदीच सोडा म्हटले असते.

रसायन_विभाग

कारण आता नीट कळले. सेंट्रिफ्यूजच्या पाटीवर ५०/६० आहे, मग तो २३०/११५ ट्रान्सफॉर्मरवर चालेल ना? आणि स्टररचे काय?

लॅब_इलेक्ट्रिकल

सेंट्रिफ्यूज चालेल. १२० गुणिले ३ म्हणजे ३६० व्हीए, पण सुरू होतानाचा करंट धरून १ केव्हीएचा घ्या. ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) नको, आयसोलेशनचा (दोन वेगळ्या वाइंडिंगचा) घ्या. ऑटोमध्ये सॉकेटचे फेज-न्यूट्रल उलटे असले की उपकरणाच्या ‘न्यूट्रल’ तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येतात. अर्थिंगची तार मात्र सॉकेटपासून उपकरणाच्या बॉडीपर्यंत अखंड न्या. ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी पडत असेल तर तो इनरशचा, म्हणजे चालू होतानाच्या क्षणिक मोठ्या करंटचा, धक्का आहे. वायरिंग त्या क्षमतेचे असल्याची खात्री करून डी-कर्व्हचा (असा क्षणिक धक्का सोसणारा) १६ अँपिअरचा एमसीबी लावा.

आत ब्रश आहेत का पाहा. ब्रशची मोटार असेल तर हर्ट्झने वेग बदलत नाही. इंडक्शन असेल तर ५० हर्ट्झवर वेग ५/६ होतो आणि जी-बल वेगाच्या वर्गाने घटते: ०.६९ पट. १००० जी समजून फिरवलेल्या नळ्यांना प्रत्यक्षात ६९४ जी मिळतात. घेण्याआधी टॅकोमीटरने वेग मोजाच.

स्टररची मोटार तिघांत सर्वांत सोयीची. सिंगल फेज २३० आत, थ्री फेज २३० बाहेर असा ०.७५ किलोवॉटचा व्हीएफडी घ्या आणि मोटार डेल्टामध्ये (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडा. स्टारमध्ये (तिन्हींचे एकेक टोक एकत्र) राहिली तर टॉर्क एक तृतीयांशच मिळतो, घट्ट द्रवात मोटार अडकते. पुढे कधी ४१५ व्होल्ट थ्री फेजवर न्याल तेव्हा आधी स्टार करा. ४१५ वर डेल्टा म्हणजे वाइंडिंगला २३० च्या १.८ पट व्होल्टेज, मोटार गेली. २० हर्ट्झच्या खाली पूर्ण भार जास्त वेळ ठेवू नका, मोटारीचा स्वतःचा पंखा तेव्हा पुरत नाही. व्हीएफडीच्या फिल्टरमुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडू लागला तर तो काढून टाकू नका. कमी गळतीचा फिल्टर आणि व्हीएफडीला चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी मागवा.

ईथर, हेक्सेन असले द्रावक त्या टेबलावर वापरत असाल तर ही साधी मोटार घेऊच नका. तिथे फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर जाऊ न देणारी) मोटार लागते, आणि व्हीएफडीवर चालवायची तर तिच्या प्रमाणपत्रात तसा उल्लेख हवा.

समितीसाठी खरेदी आदेशात हे वाक्य घाला: ‘उपकरण २३० व्होल्ट ±१० टक्के, ५० हर्ट्झ, सिंगल फेजवर पाटीवरील भाराने अखंड चालले पाहिजे, पाटीचा वाचता येईल असा फोटो आणि टर्मिनल जोडणीचा आराखडा कोटेशनसोबत द्यावा, स्वीकृतीपूर्वी भारासह २ तास चाचणी आणि अँपिअरची नोंद.’ पंपासाठी विक्रेता हे लिहून देत असेल, तर ५० हर्ट्झची मोटार बसवण्याचा खर्च त्याच्या किमतीत धरायला लावा.