मदत हवी आहे: शिवारफेरीतून इंग्रजी, पण काळाचा घोळ सुटत नाही

सहावी, मराठी माध्यम, पट ३४, तास ४० मिनिटांचा. शब्दांची अडचण नाही. नांगर, बांध, कणीस यांची इंग्रजी नावं मुलं पटापट सांगतात. गाडी अडते ती वाक्यात.

शेतात समोर दिसतं ते चालू वर्तमानकाळात नीट येतं: ‘द बुल इज ड्रिंकिंग वॉटर’. वर्गात पोळ्यावर लिहायला दिलं की खांदेमळणी, शिंगं रंगवणं, झूल, मिरवणूक, सगळंच ‘इज पेंटिंग’, ‘आर वॉकिंग’. प्रथेला साधा वर्तमानकाळ हवा. तो आलाच तर ‘फार्मर पेंट’, शेवटचा ‘एस’ गायब.

फळ्यावर वाक्यतक्ता दिला: समोर असेपर्यंत वाक्यं निर्दोष, पुसला की जैसे थे. चित्रमालिकेने तर घोळ वाढला, कारण चित्रातलं सगळं मुलांना ‘आत्ता चाललेलं’ वाटतं. नियम मराठीतून पाठ आहे, लिहिताना उपयोग शून्य (अपेक्षितच).

प्रिंटर, प्रोजेक्टर नाही. फेरी आठवड्यातून एकदाच. हाताने कार्डं करता येतील. व्याकरणाच्या स्वाध्यायपुस्तिका कृपया सुचवू नका.

आता पीक-दिनदर्शिका जोडीत अर्धी अर्धी वाटायचा विचार आहे: एकाकडे जूनची खरीप पेरणी, दुसऱ्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरची रब्बी ज्वारी. ‘व्हेन डू दे सो ज्वारी?’ असं विचारूनच रकाने भरायचे. इथे ‘आत्ता’ला वावच नाही. हे फेरीआधी घ्यावं की नंतर? आणि एकाच जोडीकामात दोन्ही काळ वापरावेच लागतील असा कोणता उपक्रम तुमच्या वर्गात चालला आहे?